पाटे वाढविलेल्या पिकअपच्या पुढच्या चाकांची अलाइनमेंट

कांदा, टोमॅटो, द्राक्षे, भाजीपाला, दूध आणि चारा यांच्या वाहतुकीसाठी आता अनेक शेतकऱ्यांच्या दारात स्वतःची पिकअप गाडी उभी असते. गाडी घेतल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत तिची उंची वाढविण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. त्याची कारणे साधारणपणे तीन असतात. माल भरल्यावर गाडी मागे बसते, म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे जादा टाकले जातात. शेतापर्यंतच्या कच्च्या रस्त्याला खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात व गाडीचे पोट घासते, म्हणून पुढची बाजूही उचलली जाते. आणि जुन्या गाडीचे मूळ पाटेच थकून सपाट झालेले असतात.

उंची वाढविल्यावर पहिले काही दिवस समाधान वाटते. नंतर मात्र तक्रारी सुरू होतात. गाडी रस्ता धरत नाही, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातात, खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंगला झटका बसतो. अलाइनमेंट करून आणली तरी चार दिवसांत पुन्हा तेच. असे का होते, घरच्या घरी काय तपासता येते आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी याची माहिती या लेखात दिली आहे.

चाकांचे तीन कोन

पुढची चाके वरवर पाहता सरळ उभी दिसली तरी ती तीन प्रकारच्या लहान लहान कोनांत बसविलेली असतात. हे कोन समजले की पुढचे सर्व सोपे जाते.

१) टो : गाडीच्या वरून पाहिले असता दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षा कमी असेल तर त्यास टो-इन म्हणतात. उलट असेल तर टो-आउट. अंतरातील हा फरक सर्वसाधारणपणे काही मिलिमीटरच असतो.

२) कॅम्बर : गाडीच्या समोर उभे राहून पाहिले असता चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला असेल तर कॅम्बर अधिक, आत झुकलेला असेल तर उणे.

३) कास्टर : चाक ज्या खुंटीभोवती वळते, म्हणजे किंगपिन किंवा वरच्या व खालच्या बॉल जॉइंटमधून जाणारी रेषा, ती बाजूने पाहिली असता उभी नसून वरच्या टोकाला किंचित मागे कललेली असते. या कलण्यास कास्टर म्हणतात.

कास्टरचे काम सायकलवरून चांगले कळते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या पुढे पडते. त्यामुळे चाक त्या बिंदूच्या मागे ओढत येते व स्वतः सरळ राहू पाहते. हात सोडून चालविलेली सायकल सरळ जाते, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. मोटारगाडीत वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून फिरून जागेवर येते तेही मुख्यतः कास्टरमुळे. कास्टर कमी झाले की गाडीचे हे सरळ राहण्याचे वळण जाते आणि चालकाला सतत स्टिअरिंग सावरत बसावे लागते.

मागे पाटा टाकला, तरी फरक पुढे पडतो

पाटा मागे टाकला आहे, पुढच्या चाकांना हातही लावलेला नाही, मग पुढे बिघाड कसा, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपे आहे. मागची बाजू उचलली की सांगाडा पुढच्या बाजूस उतरता होतो. सांगाड्यास जोडलेले पुढचे भागही त्याच्याबरोबर पुढे कलतात. किंगपिनचे मागे कललेले वरचे टोक तितकेच पुढे येते, म्हणजेच कास्टर कमी होते.

किती कमी होते याचा हिशेब घरी करता येतो. पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर २६०० मि.मी. आहे असे समजू. केवळ मागची बाजू उचलली तर कास्टरमध्ये होणारी घट साधारणपणे अशी राहील :

मागची बाजू २५ मि.मी. उचलली – घट सुमारे ०.६ अंश
५० मि.मी. उचलली – घट सुमारे १.१ अंश
७५ मि.मी. उचलली – घट सुमारे १.७ अंश
१०० मि.मी. उचलली – घट सुमारे २.२ अंश

एखाद्या गाडीचे मूळ कास्टर ३ अंश असेल आणि मागची बाजू ७५ मि.मी. (३ इंच) उंच केली, तर रिकाम्या गाडीत ते १.३ अंशाच्या आसपास येते. निम्म्याहून अधिक कास्टर गेले.

यातील एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. माल भरला की मागची बाजू खाली बसते आणि गेलेले कास्टर बऱ्याच अंशी परत येते. म्हणून बाजाराला जाताना भरलेली गाडी ठीक चालते. माल उतरवून परत येताना, गाडी रिकामी, हलकी व वेगात असताना ती डुलू लागते. त्यातच जोराचा ब्रेक लावला की गाडीचे नाक खाली जाते, मागची बाजू आणखी उचलली जाते आणि उरलेले कास्टरही घटते. पहाटेच्या लिलावासाठी रात्रभर जागलेला चालक, रिकामी गाडी आणि रस्ता न धरणारे स्टिअरिंग हे एकत्र येणे धोक्याचे आहे. "भरल्यावर ठीक चालते, रिकामी असताना डुलते" ही तक्रार असेल तर प्रथम कास्टरचा संशय घ्यावा.

केवळ टो करून भागत नाही

अलाइनमेंट करून आणली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा फक्त टो दुरुस्त केलेला असतो. कारण टाय रॉड सैल करून फिरविला की टो बदलतो. काम थोड्या वेळात होते. कॅम्बर व कास्टर दुरुस्त करण्यास वेळ लागतो, आणि काही गाड्यांत त्यासाठी सोयच दिलेली नसते. परिणामी कास्टर कमी झाल्याने डुलणारी गाडी टो-इन वाढवून सरळ चालविण्याचा प्रयत्न होतो. त्यामुळे डुलणे थोडे कमी झाल्यासारखे वाटते, पण त्याची किंमत टायर देतात.

टायरचा व्यास ७०० मि.मी. आहे आणि टो-इन १० मि.मी. झाला आहे असे धरले, तर प्रत्येक चाक आपल्या सरळ वाटेपासून सुमारे ०.४ अंशाने तिरके राहते. म्हणजे गाडी १ कि.मी. चालली की प्रत्येक पुढचे टायर सुमारे ७ मीटर आडवे घासले जाते. गावाहून बाजारपेठ ६० कि.मी. वर असेल तर एका फेरीत, जाऊन-येऊन, हे घासणे ८०० मीटरच्या वर जाते. टो ३ मि.मी. असेल तर हाच आकडा दर किलोमीटरला सुमारे २ मीटर इतका खाली येतो. नवे टायर थोड्याच महिन्यांत गुळगुळीत होण्याचे कारण अनेकदा इथे सापडते.

लक्षणांवरून दोष ओळखणे

टायर व स्टिअरिंग यांच्याकडे लक्ष दिले तर दोष कोठे आहे याचा अंदाज येतो.

१) गाडी डुलते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही – कास्टर कमी.

२) स्टिअरिंग जड झाले, वळणानंतर झटक्याने परत येते, काही वेगाला थरथरते – कास्टर प्रमाणाबाहेर वाढले. थरथरण्यास चाकांचा तोल बिघडणे व सांधे ढिले होणे हीही कारणे असतात.

३) गाडी सतत एका अंगाला ओढते – दोन बाजूंच्या कास्टर किंवा कॅम्बरमध्ये फरक. ज्या बाजूचे कास्टर कमी त्या बाजूला गाडी ओढते. ज्या बाजूचे कॅम्बर अधिक त्या बाजूलाही ओढते. त्यापूर्वी दोन्ही टायरमधील हवा सारखी आहे का आणि एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो का, हे पाहावे.

४) टायरची एकच कड झिजते – कॅम्बर चुकले आहे. बाहेरची कड झिजत असेल तर कॅम्बर जास्त अधिक, आतली झिजत असेल तर जास्त उणे.

५) टायरच्या नक्षीला करवतीसारखे दाते पडतात – टो चुकला आहे. तळहात टायरवरून आडवा फिरवून पाहावा. बाहेरून आत फिरविताना गुळगुळीत व आतून बाहेर फिरविताना टोचत असेल तर टो-इन जास्त. याच्या उलट असेल तर टो-आउट.

६) दोन्ही कडा झिजतात – हवा कमी किंवा ओझे जास्त. मधला पट्टा झिजतो – हवा जास्त. हे दोष अलाइनमेंटचे नव्हेत.

७) खड्ड्यात किंवा गतिरोधकावर स्टिअरिंग स्वतःहून फिरते – उंची वाढल्यामुळे स्टिअरिंगच्या दांड्यांचा कल बदलला आहे.

आपल्या गाडीची रचना ओळखा

दुरुस्ती कशी करावयाची हे पुढच्या रचनेवर अवलंबून असते. पिकअप गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात.

अ) सलग ॲक्सल व पाटे : यात एकाच भक्कम ॲक्सलच्या दोन टोकांना चाके असतात व ॲक्सल दोन कमानींवर बांधलेला असतो. गाडी कितीही उचलली तरी ॲक्सल तोच असल्याने कॅम्बर बदलत नाही. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉडही ॲक्सलबरोबरच राहतो, म्हणून केवळ उचलण्याने टो बदलत नाही. बदलते ते कास्टर आणि स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणाऱ्या ड्रॅग लिंकचा कल. म्हणजे अशा गाडीत उंची वाढविल्यानंतर टो बिघडला असेल तर कारण दुसरे आहे. बहुधा सांधा ढिला झालेला किंवा टाय रॉड वाकलेला असतो.

पुढे लांब शॅकल टाकून गाडी उचलली असेल तर शॅकल कमानीच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहावे. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने कमानीचे पुढचे टोक खाली ढकलले जाते, ॲक्सल पुढे कलतो व कास्टर कमी होते. शॅकल मागच्या टोकाला असेल तर कास्टर वाढते. शॅकल जेवढा लांब केला त्याच्या साधारण निम्मी उंचीच मिळते. कमान १,१०० मि.मी. लांब असून शॅकल ५० मि.मी. ने वाढविला तर गाडी सुमारे २५ मि.मी. उचलली जाते, पण ॲक्सल सुमारे अडीच अंश फिरतो. थोड्या उंचीसाठी कोनात इतका मोठा फरक पडत असल्याने हा मार्ग टाळावा.

ब) स्वतंत्र चाके : यात प्रत्येक चाकास वरचा व खालचा आर्म असतो आणि स्प्रिंग म्हणून टॉर्शन बार किंवा कॉइल असते. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी उचलली की आर्म खाली झुकतात. त्याबरोबर कॅम्बर बदलते, टोही बदलतो. बदल कोणत्या बाजूला होईल हे आर्मच्या लांबीवर व टाय रॉडच्या जागेवर ठरते. म्हणून अंदाजाने न जाता मोजावे. बोल्ट आवळल्याने स्प्रिंगची ताकद वाढत नाही, फक्त उंची वाढते, हेही ध्यानात ठेवावे. उंची जास्त वाढविली तर चाकाला खाली जाण्यास जागा उरत नाही, बॉल जॉइंट ताणले जातात आणि खड्ड्यात गाडी आपटते.

घरी करता येणारी मोजमापे

मोजण्यापूर्वी गाडी रिकामी करून सपाट, पक्क्या जागेवर उभी करावी. खळ्याची फरशी किंवा पेट्रोल पंपाचे अंगण चालेल. चारही चाकांत ठरलेली हवा भरावी. गाडी दाबून-सोडून हलवावी म्हणजे कमानी आपल्या जागी बसतात. नंतर गाडी तीन-चार मीटर पुढे ढकलून थांबवावी. मागे घेऊ नये.

उंची : चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्या बाजूत शक्यतो ५ मि.मी. पेक्षा जास्त फरक नसावा.

ॲक्सलची जागा : पुढचे चाक सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकाच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. फरक आढळला तर कमानीचा सेंटर बोल्ट तुटला आहे का ते पाहावे. पाटे बदलल्यानंतर यू-बोल्ट सैल राहिले की ॲक्सल सरकतो व सेंटर बोल्ट तुटतो.

टो : पुढची दोन्ही चाके जॅकने उचलून गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. टायरच्या मध्यावर खडू फासावा. खिळा एका ठोकळ्यावर पक्का धरून चाक फिरवावे, म्हणजे सर्वत्र एकसारखी बारीक रेघ उमटते. गाडी खाली उतरवून, हलवून, थोडी पुढे ढकलावी. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूस दोन्ही रेघांमधील अंतर मोजावे व त्या जागी खूण करावी. गाडी पुढे ढकलून तीच खूण मागच्या बाजूस त्याच उंचीवर आली की पुन्हा अंतर मोजावे. मागचे माप जास्त असेल तर तेवढा टो-इन आहे.

कॅम्बर : मडगार्डपासून ओळंबा सोडावा. दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजावे. वरच्या-खालच्या कडांमध्ये ४०० मि.मी. अंतर असेल तर ७ मि.मी. फरक म्हणजे सुमारे १ अंश.

कास्टर : याचे अचूक माप यंत्रावरच घ्यावे. यंत्रावर चाक २० अंश एका बाजूला व २० अंश दुसऱ्या बाजूला वळवून कॅम्बरमधील फरक पाहतात. त्या फरकाची दीडपट म्हणजे कास्टर. मात्र सलग ॲक्सलच्या गाडीत झालेला बदल घरीही कळतो. पाटे टाकण्यापूर्वी ॲक्सलच्या एखाद्या सपाट भागावर कोनमापक ठेवून कोन लिहून ठेवावा. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच सपाट जमिनीवर पुन्हा मोजावा. दोहोंतील फरक हाच कास्टरमधील फरक होय.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती खालील क्रमानेच करावी. क्रम उलटला तर केलेले काम वाया जाते, कारण कास्टर व कॅम्बर बदलले की टो पुन्हा बदलू शकतो.

पहिली पायरी – ढिले भाग बदलणे : किंगपिन, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, चाकाचे बेअरिंग, कमानीचे बुश आणि स्टिअरिंग बॉक्स यांतील खेळ तपासावा. हे भाग ढिले असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

दुसरी पायरी – उंची सारखी करणे : डाव्या-उजव्या बाजूची उंची आधी जुळवावी. पुढच्या व मागच्या उंचीचा मेळ मूळ गाडीप्रमाणे असावा. मागचा जादा पाटा काढला तर गेलेले कास्टर आपोआप परत येते. हा सर्वांत स्वस्त व सुरक्षित उपाय आहे.

तिसरी पायरी – कास्टर : सलग ॲक्सलच्या गाडीत कमान व ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पोलादी पट्टी बसवून कास्टर दुरुस्त करतात. २ अंशांची पाचर बसविली की कास्टरमध्ये २ अंशांचा फरक पडतो. कास्टर वाढवायचे असेल आणि कमान ॲक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवावी. कमान ॲक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे ठेवावी. दोन्ही बाजूंना सारखीच पाचर वापरावी, एकावर एक रचू नये. सेंटर बोल्ट पुरेसा लांब घ्यावा, यू-बोल्ट नवे वापरावेत व ५०० कि.मी. चालल्यानंतर पुन्हा आवळावेत. रिकाम्या गाडीचे कास्टर पाचरीने जास्त वाढविले तर माल भरल्यावर ते प्रमाणाबाहेर जाऊन स्टिअरिंग जड होते, म्हणून पाचर बेताचीच घ्यावी. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत ॲक्सल फिरविला की पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोनही बदलतो. तेथे जाणकाराशिवाय हे काम करू नये. स्वतंत्र चाकांच्या गाडीत आर्मच्या बोल्टजवळील पट्ट्या किंवा विकेंद्री बोल्ट यांच्या साहाय्याने कास्टर व कॅम्बर जुळवितात. मर्यादेत बसत नसेल तर उंची जास्त झाली आहे असे समजून ती कमी करावी.

चौथी पायरी – कॅम्बर : सलग ॲक्सलमध्ये कॅम्बर चुकले असेल तर ॲक्सल वाकला आहे किंवा किंगपिन झिजली आहे. ॲक्सल किंवा स्टिअरिंगचा आर्म तापवून, ठोकून सरळ करू नये व त्यावर वेल्डिंगही करू नये. तापविलेल्या पोलादाची मूळची ताकद राहत नाही आणि तो भाग भर रस्त्यात तुटू शकतो.

पाचवी पायरी – टो : गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टो घ्यावा. टाय रॉड थोडाच फिरवावा. एका फेऱ्यात त्याची लांबी ३ मि.मी. बदलत असेल, स्टिअरिंगचा आर्म १५० मि.मी. व टायर ७०० मि.मी. व्यासाचे असेल, तर एका पूर्ण फेऱ्याने टो १४ मि.मी. बदलतो. म्हणून पाव फेरा फिरवून दर वेळी पुन्हा मोजावे.

सहावी पायरी – स्टिअरिंग मध्यावर आणणे : चाके सरळ असताना स्टिअरिंग वाकडे राहत असेल तर ते काढून फिरवून बसवू नये. सलग ॲक्सलमध्ये ड्रॅग लिंकची लांबी जुळवावी. स्वतंत्र चाकांत दोन्ही टाय रॉड सारख्या प्रमाणात, एक आत व एक बाहेर, फिरवावेत. खड्ड्यात झटका बसतच असेल तर उंची कमी करणे हाच खरा इलाज.

अलाइनमेंटबरोबर हेही तपासा

काही पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलवरील ओझ्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो सांगाडा व ॲक्सल यांमधील अंतरावरून ओझे ओळखतो. पाटे टाकून मागची बाजू उचलली की अंतर वाढते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. कसारा किंवा माळशेजसारख्या घाटात उतरताना हे जिवावर बेतू शकते. पाटे बदलल्यावर हा व्हॉल्व्ह अधिकृत कार्यशाळेत अवश्य जुळवून घ्यावा.

ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबले असता ताणल्या जात नाहीत ना, शॉक ॲब्सॉर्बरची लांबी पुरते ना, हेही पाहावे. पुढची बाजू उचलली असेल तर दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. मागची उचलली असेल तर झोत जवळच पडतो. दिवे नव्याने जुळवावेत.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध केलेले बदल मान्य होणार नाहीत असे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा बदलांसाठी व जादा भारासाठी दंड वाढविण्यात आला. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही असा बदल अडचणीचा ठरू शकतो. म्हणून उंचीत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी.

जादा पाट्याने गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढते हा मोठा गैरसमज आहे. वाढते ती फक्त कमानीची ताठरता. ॲक्सल, चाकाचे बेअरिंग, टायर व ब्रेक पूर्वीचेच राहतात. गाडी भरल्यावर बसत नाही एवढ्यावरून ओझे बेताचे आहे असे समजू नये. नोंदणी पुस्तिकेतील वजनाची मर्यादा हीच खरी मर्यादा. मूळ पाटे थकून बसले असतील तर जादा पाटा न टाकता त्याच मापाची नवी कमान दोन्ही बाजूंना बसवावी. उंची पूर्ववत होते, कोन बिघडत नाहीत आणि कायद्याचीही अडचण येत नाही. रस्त्याची चाकोरी खोल असेल तर ती हंगामापूर्वी मुरूम टाकून भरून घेणे गावातील सर्वच गाड्यांच्या फायद्याचे आहे.

ज्यांच्या गाडीत आधीच पाटे वाढविलेले आहेत त्यांनी गाडी रिकामी करून उंची, ॲक्सलची जागा व टो ही मापे येत्या आठवड्यात घ्यावीत आणि वहीत लिहून ठेवावीत. त्यानंतर अलाइनमेंटच्या दुकानात जाताना तिन्ही कोनांची मापे छापून मागावीत, केवळ टो करून समाधान मानू नये. कास्टर पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा कमी असेल तर प्रथम मागची उंची कमी करावी, नंतर बाकीची दुरुस्ती करावी. तोपर्यंत बाजाराहून रिकामी गाडी परत आणताना वेग कमी ठेवावा.